तपकिरी डुकरी

ग्लेन फार्न सॅनिटोरियम
१४ ऑक्टोबर १९२७

प्रिय वन्सं,

पोचले. तुमच्या भावानं घरी येऊन सांगितलं असेलच, पण त्याचं सांगणं म्हणजे "पोचवली" एवढंच असणार. म्हणून मी लिहिते.

इथं खोली अशी नाहीच. लांबलचक व्हरांडा, मागं भिंत, पुढं नुसता कठडा आणि मग डोंगर. त्यात ओळीनं खाटा. पाऊस तिरका आला की पांघरुणावर मेणकापड टाकतात आणि वर म्हणतात, हवा घ्या. जन्मभर मसलबऱ्यात समुद्राचं वारं खाल्लं, ते कमी पडलं वाटतं.

काल पाय फार गारठले म्हणून मेट्रनबाईंना म्हटलं, "अंथरुणात एक डुकरी मिळेल का?" बाई इंग्रज. म्हणाल्या, "मिसेस पेटिग्रू, हे इस्पितळ आहे, गोठा नव्हे." शेजारच्या खाटेवरची चिर्स्टी म्हणून एक लूइस बेटावरची बाई आहे, ती हसून हसून खोकली. शेवटी तिनंच समजावलं, की मातीच्या शेकबाटलीला या खालच्या मुलखातल्या लोकांत डुकरी म्हणतात, आडवी ठेवली की तशी दिसते म्हणून.

डुकरी आली. मी पहिल्यांदा उलटी करून तळ पाहिला. सवय! आपल्या हॅगार्ट कारखान्याचा शिक्का नाही, ग्लासगोकडची कुणाची तरी. झिलई कसली ती, पातळ चहा सांडल्यासारखी. बूचही गळतं. आर्चीला सांगा, तुझी बायको परक्याच्या हातची डुकरी कुशीत घेऊन झोपते. जळू दे जरा.

मायझी कशी आहे? मी मुद्दाम ती झोपेत असताना निघाले. डॉक्टरांनी तिचा मुका घ्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती जागी असती तर मला ते जमलं नसतं. माझा निळा फ्लॅनेलचा परकर कपाटात आहे. रडली तर तो द्या तिच्या हातात.

तुमची,
नेटा

•

मसलबरा
२३ ऑक्टोबर १९२७

नेटा,

आधी एक सांगते, राग मानू नकोस. तुझं पत्र मी ओव्हनमध्ये शेकून मग वाचलं. घरात लहान मूल आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, कागदावरून काही येत नसावं. 'नसावं' म्हणजे काय? म्हणून शेकलं. एक कोपरा जरा जास्तच शेकला गेला. तिथं मायझीला काही निरोप असेल तर पुन्हा लिही.

परकर दोनदा उकळला. आता त्याला तुझा वास नाही, पण मऊ आहे.

पहिले काही दिवस पोरीनं घर डोक्यावर घेतलं. दार वाजलं की "आई!" कोळीण मासे घेऊन आली तरी "आई!" ती बिचारी पाठीवरची टोपली सावरत म्हणाली, "नाही गं बाई, मला माझीच सात आहेत." शेवटी मी फळीवरची डुकरी काढली. आर्चीनं तुमच्या लग्नाच्या वर्षी केलेली, खांद्याशी गडद आणि पोटाशी मधासारखी, ती. तिच्यात गरम पाणी भरलं, तुझा परकर गुंडाळला आणि मायझीच्या कुशीत दिली. म्हटलं, "ही बघ, आईनं ऊब पाठवलीय." पोरीनं गाल टेकवला आणि झोपली. आर्ची दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं बुचाला नवीन रबर बसवून आणलं.

मी हॅगार्टचं काम सोडलं. झिलईच्या पिपात बाटल्या बुडवायला त्यांना दुसरी मिळेल, मायझीला दुसरी आत्या कुठली? सोळाव्या वर्षापासून कोपरापर्यंत तपकिरी होऊन घरी आलेय. अजून नखातला रंग जात नाही. पॉरिज भरवताना ती माझी बोटं धरून निरखते.

तू खा, झोप, आणि त्या इंग्रज बाईशी भांडू नकोस.

एफी

•

ग्लेन फार्न
९ जानेवारी १९२८

प्रिय वन्सं,

नवीन वर्षाचं तुम्हा सगळ्यांना सुख लाभो. तुमचा केक पोचला. चिर्स्टीला अर्धा दिला. तिला घरून काही येत नाही. बेटावर म्हातारा बाप आहे, त्याला लिहिता येत नाही आणि तिनं इंग्रजीत लिहिलेलं त्याला वाचून दाखवणारंही कुणी नाही.

सकाळी उठतो तेव्हा पांघरुणावर बर्फ असतं. नर्स झाडूनं झाडते, पायरी झाडावी तसं. रात्री दोन डुकऱ्या देतात, एक पायाशी, एक कुशीत. पहाटे त्या गार पडतात आणि मग दगडाशेजारी निजल्यासारखं होतं. तरी मी कुशीतली सोडत नाही.

डॉक्टर माझ्या उजव्या फुफ्फुसाशेजारी सुईनं हवा भरतात, म्हणजे ते दबून गप्प पडून राहतं. वसंतात बघू म्हणतात. वजन वाढलंय. खोकला कमी आहे.

तुम्ही लिहिलंत की मायझी रोज संध्याकाळी झोपताना 'आई, आई' करते. वाचून मी रडले, पण खरं सांगू, बरंही वाटलं. मला धाक होता, दोन वर्षांचं पोर, विसरून जाईल. रोज नाव घेते म्हणजे चेहरा आठवत असेल ना तिला? तिला आठवण देत राहा, वन्सं. एवढंच मागते.

आर्चीला सांगा, दोन ओळी लिही. त्याचे हात मातीत असतात हे मला ठाऊक आहे, पण धुता येतात.

नेटा

•

मसलबरा
१२ फेब्रुवारी १९२८

नेटा,

हे लिहावं की नाही असं करत आठवडा घालवला. पण तुला कुणा शेजारणीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

परवा पाद्रीबाई आल्या होत्या. मायझीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आई कुठंय गं तुझी?" पोरगी टुणकन उतरली, आत गेली आणि परकरात गुंडाळलेली डुकरी दोन्ही हातांनी कवटाळून, पोट पुढं काढून, डुलत डुलत घेऊन आली. त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "ही आई. गार झाली."

पाद्रीबाई हसल्या. मीही हसले, काय करणार! आर्ची चहा पीत होता. त्यानं कप ठेवला, टोपी घातली आणि बाहेर गेला. भरतीच्या पाण्याशी जाऊन उभा होता म्हणे.

मग मी तुझा फोटो काढला, लग्नातला. "ही कोण?" तर म्हणाली, "बाई." मी म्हटलं, "अगं, ही आई." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आत्याला काही कळत नाही. आणि डुकरीवर हात ठेवला.

नेटा, मी ऊब म्हणाले होते. आईनं ऊब पाठवलीय, असं. तिनं मधलं गाळलं. ती रोज 'आई, आई' करते ते या डुकरीला. पाणी भर म्हणून.

आणखी एक. हॅगार्टमध्ये कुंभारकामाची चाकं बंद करतायत. लोक आता रबराच्या पिशव्या घेतात, आणि जे मातीची घेतात त्यांना स्वस्त पाहिजे. म्हणून साचे आणलेत. आर्चीचं चाक या आठवड्यात सोडवलं. तो आता साच्यात पातळ माती ओततो, पोरींच्या रांगेत. त्याला विचारलं, "कसं काय?" तर म्हणतो, "ताई, दूध काढणाऱ्याला दूध वाटायला लावलंय."

म्हणून तो लिहीत नाही. तुझ्यावर रुसलेला नाही.

एफी

•

ग्लेन फार्न
१७ फेब्रुवारी १९२८

वन्सं,

तुमचं पत्र मी चिर्स्टीला हसत हसत वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्यावर मला वाचता येईना. ती म्हणाली, "आमच्याकडं मुलं मेंढीलाही आई म्हणतात." चांगली बाई आहे, पण तिला मूल नाही.

ती डुकरी काढून घ्या. आजच. मी जिवंत आहे, वन्सं. मला तिथं मातीची करून फळीवर ठेवू नका. तिला म्हणावं, तुझी आई डोंगरात आहे, तिला हात आहेत, पाय आहेत, ती बोलते. फोटो तिच्या उशाशी टांगा. फोटोला 'बाई' म्हणाली तर शंभर वेळा सांगा की आई.

मी इथं दिवसभर पाठीवर पडून असते. हसायचं नाही, जोरात बोलायचं नाही, हात वर करायचा नाही. सगळं ऐकते, कारण बरं होऊन तिच्याकडे जायचंय. आणि तिला मी नकोच असेन, तिला कोमट बाटली पुरत असेल, तर मी हे कशासाठी करते?

रागानं लिहिलंय. पण फाडणार नाही. शेकून वाचा.

नेटा

•

मसलबरा
४ मार्च १९२८

नेटा,

तू सांगितलंस तसं केलं. करायला नको होतं.

दुपारीच काढायला गेले, म्हटलं संध्याकाळी झोपेच्या वेळी नको. पाणी कोमट होतं, ते एक बरं. ती डुकरीला घेऊन चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, "दे बघू आत्याकडे, ही नुसती बाटली आहे, राणी." तिनं सोडली नाही. मी ओढली. तिनं घट्ट धरली. मी पुन्हा ओढली आणि तिनं एकदम सोडली, माझ्या हातातून निसटली आणि चुलीच्या दगडावर पडली.

मी इतकी वर्षं त्या कारखान्यात फुटक्या मालाचे आवाज ऐकलेत. असा नाही ऐकला.

ती रडली नाही. मला वाटलं, रडेल. पाणी दगडावरून वाहत तिच्या मोज्यांपर्यंत आलं. तिनं ओल्या दगडाला बोट लावलं आणि म्हणाली, "आई सांडली."

आर्ची आला तेव्हा तुकडे मी एप्रनमध्ये घेऊन बसले होते. त्यानं एकेक उचलून पाहिला. मी म्हटलं, "ओरड माझ्यावर." तो म्हणाला, "कशाला? दुसरी करतो. संध्याकाळचं काम."

मग त्याला आठवलं, चाक नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेला. टोपी हातात घेऊन. म्हणाला, एक तास चाक द्या, माती माझ्या पगारातून कापा. मॅनेजर वाईट नाही. म्हणाला, "आर्ची, चाकं भंगारात गेली रे. मी तुला कुठून देऊ?" ज्या माणसानं अर्ध्या स्कॉटलंडचे पाय गरम केले, त्याला स्वतःच्या पोरीसाठी एक डुकरी करता येईना. साच्यातली एक घेऊन आला. चांगली दिसते, चकचकीत. मायझीनं तिच्यावरून हात फिरवला. दोन अर्धी जिथं जुळतात तिथं शिवण असते ना, तिथं बोट थांबलं. म्हणाली, "ही नाही."

आर्ची म्हणाला, "बरोबर बोलतेय पोरगी. ही कुणीच केलेली नाही."

त्या दिवसापासून तिनं 'आई' हा शब्दच टाकलाय. फोटो टांगलाय, रोज दाखवते, ती बघते आणि गप्प बसते. पाणी पाहिजे, भाकरी पाहिजे, मांजर पाहिजे, सगळं बोलते. तेवढं नाही.

एकदा माझ्या कुशीत झोपताना माझ्याकडे बघून तिचं तोंड 'आ' करून उघडलं. मी घाईघाईनं विचारलं, "भूक लागली का गं?" मला त्याची भीती वाटली, नेटा. आणि भीती वाटली एवढंच खरं नाही. बाकीचं लिहीत नाही.

एफी

•

मसलबरा
८ मे १९२८

नेटा,

फेब्रुवारीनंतर तुझं एकही पत्र नाही. माझी दोन गेली. आर्चीनंसुद्धा एक लिहिलं, त्याच्या जन्मातलं दुसरं. पोस्टमन आला की तो कामावर असला तर बरं वाटतं, घरी असला तर बघवत नाही.

रागावली असशील. तुझा हक्क आहे. पण राग आहे एवढं तरी लिही. कोरा कागद पाठव, मी तोही शेकून वाचेन.

मायझीला गोवर येऊन गेला. आता ठणठणीत आहे.

एफी

•

ग्लेन फार्न
१ जून १९२८

प्रिय वन्सं,

अक्षर माझं नाही, चिर्स्टीचं आहे. मी सांगते, ती लिहिते. मला जरा ताप होता, हात थकतो, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणतात, असं मध्ये मध्ये होतं.

मी रागावलेले नाही. मीच काढून घ्या म्हटलं, तुम्ही काढलीत. यात कुणाचं काय चुकलं हे मी पडल्या पडल्या खूप शोधलं. सापडत नाही. चुकलेलं माणूस सापडलं असतं तर बरं झालं असतं.

आर्चीला म्हणावं, पत्र मिळालं. पाच ओळी होत्या, त्यातल्या तीन हवेबद्दल. उशीखाली आहे.

(ही मी, चिर्स्टी मॅकॲस्किल. ही फार बोलते. तिला गप्प पडायला सांगितलंय म्हणून इथं थांबवते. माझी इंग्रजी चुकली असेल तर माफ करा. मी पत्र लिहायला सहसा कुणाला नसतं.)

नेटा

•

मसलबरा
२४ जून १९२८

नेटा,

ऐक. आम्ही येतोय. जुलैत कारखान्याला सुट्टी असते, तेव्हा पर्थपर्यंत सवलतीची गाडी आहे, पुढं बस. सात तारखेचा शनिवार. आर्ची, मी आणि मायझी.

लहान मुलांना आत सोडत नाहीत, ठाऊक आहे. पण आर्ची म्हणतो, तुझ्या व्हरांड्याच्या खाली ओढा आहे आणि ओढ्यावर पूल आहे, तुला पोचवायला आला तेव्हा त्यानं पाहिलाय. पुलावरून व्हरांडा सबंध दिसतो. तो आत येऊन तुला भेटेल, आणि मग आम्ही तिघं पुलावर उभे राहू. तू हात हलव. बस. पोरीला एकदा बघू दे की आई हलते.

पण इतक्या खाटांत तू कुठली ते दुरून कसं कळायचं? काहीतरी खूण सांग.

घाबरू नकोस, मी तिला काही शिकवून आणणार नाही. जे होईल ते होईल.

एफी

•

ग्लेन फार्न
३० जून १९२८

प्रिय वन्सं,

या. माझी खाट पुलाच्या बाजूनं तिसरी. कठड्याला लाल रुमाल बांधते. दुपारच्या विश्रांतीनंतर तीनला आम्हाला उठून बसू देतात, तेव्हा पुलावर उभ्या राहा.

मायझीला टोपी घाला. डोंगरातलं ऊन फसवं असतं.

चिर्स्टीच्या हातून,
नेटा

•

मसलबरा
९ जुलै १९२८

नेटा, माझी बाई,

काय लिहू आणि काय नको! आर्ची समोर बसलाय आणि म्हणतोय, हे लिही, ते लिही. हा माणूस बोलायला लागलाय.

आधी वाटलं, सगळं फुकट गेलं. फाटकावरच्या माणसानं अडवलं. तुमच्याकडं कुणाला तरी घटसर्प झालाय म्हणून भेटी बंद, मोठ्यांनाही. आर्ची म्हणाला, "मी आगगाडीनं, बसनं, पायी आलोय, नुसतं दारातून बघतो." तो म्हणाला, "दादा, मला नोकरी आहे." तेवढं गाठोडं मात्र त्यानं आत पाठवलं. मिळालं ना? त्यात डुकरी आहे. आर्चीनं कारखान्यामागच्या फुटक्या मालाच्या ढिगात शोधून काढली, त्याच्याच हातची, चाकावरची. भट्टीत जरा कलली आणि झिलई एका बाजूला ओघळली म्हणून कधी तरी टाकून दिलेली. गळत नाही, मी भरून पाहिली. मी म्हटलं, मायझीला दे. तो म्हणाला, "नको. ही तिच्या आईला."

मग पुलावर गेलो. मायझी आर्चीच्या खांद्यावर. तीन वाजले आणि लाल रुमाल दिसला, आणि तू उठलीस! नेटा, तू उभी राहिलीस! मला वाटलं होतं, बसून हात हलवशील. तू कठड्याला धरून उभी राहून हात हलवलास, असा मोठा, शेतातून हाक मारतात तसा. आर्ची म्हणाला, "बघ, बघ, अंग धरलंय तिनं. गेली तेव्हा काडी होती." खरंच किती भरलीस गं! टोपीत चेहरा दिसला नाही, पण एवढ्या लांबून तो दिसणारच नव्हता.

मी मायझीला काही सांगितलं नाही, शप्पथ. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिनं एक हात वर केला. तू हात हलवलास, तिनं हलवला. तू दोन्ही हलवलेस, तिनं दोन्ही हलवले. आणि मग ओरडली. "आई!" मार्चपासून न बोललेला शब्द. सगळा डोंगर दणाणला. "आई! आई!" थांबेचना. आर्चीचे खांदे हलत होते, मला वाटलं हसतोय.

गाडीत सबंध वाट सांगत होती, आई उभी होती, आईनं हात केला. समोर बसलेल्या म्हाताऱ्यालाही सांगितलं.

आर्ची मागची खोली चुन्यानं रंगवायला घेणार आहे. तुझ्यासाठी. तिथं खिडकी मोठी आहे. तो म्हणतो, नवीन वर्षाला घरी असेल. मी म्हटलं, तोंडानं म्हणू नकोस. पण मनातून मीही तेच म्हणते.

एफी

•

ग्लेन फार्न
१६ जुलै १९२८

प्रिय वन्सं,

हे मी माझ्या हातानं लिहितेय. तीन दिवस लागले, म्हणून अक्षर एकसारखं नाही. तुम्ही एकट्या असताना वाचा.

ती मी नव्हते.

मला जूनच्या सुरुवातीलाच व्हरांड्यातून आत हलवलं. व्हरांड्यामागं एक छोटी खोली आहे, एकच खाट. तिथं कुणाला आणतात ते इथं कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मार्चमध्ये रक्त पडलं, मेमध्ये पुन्हा. दुसरं फुफ्फुसही धरलंय. मी लिहिलं नाही, कारण तुम्ही काय करणार होतात? आर्ची काय करणार होता? डॉक्टरच काही करत नाहीत आता. सुईसुद्धा बंद केली. सकाळी येतात, खिडकीतून डोंगर बघतात आणि जातात.

तुम्ही येणार म्हटल्यावर मला नको म्हणवेना. शनिवारपर्यंत बाहेर चिर्स्टीच्या खाटेवर बसता येईल असं वाटलं. नाही आलं. त्यात घटसर्पानं भेटी बंद झाल्या, म्हणजे आर्चीही आत येणार नव्हता, मग चिर्स्टीला म्हटलं, तू उभी राहा. ती तिसऱ्या खाटेवर असते. ती म्हणाली, "पोराला फसवायचं?" मी म्हटलं, "तिला हलणारी आई पाहिजे. तू हलतेस." दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण तीन वाजता तिनं रुमाल बांधला.

नंतर आत येऊन तिनं मला सगळं सांगितलं. पिवळी टोपी. पांढरे मोजे, एक घसरलेला. आर्चीच्या केसांत दोन्ही मुठी. तुमची काळी छत्री. आधी एक हात, मग दोन. मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. चौथ्या वेळी ती रडायला लागली आणि गॅलिकमध्ये काहीतरी बोलली. काय ते तिनं सांगितलं नाही.

डुकरी मिळाली. नर्स रोज भरून देते. कललेली आहे म्हणून गडगडत नाही, ठेवली तिथं राहते. ओघळलेल्या झिलईत त्याच्या बोटांच्या रेघा आहेत, बुचापासून तळापर्यंत. त्याला सांगा, हिच्यापुढं ग्लासगोची काहीच नाही.

आर्चीला बाकीचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही. तो खोली रंगवत असेल तर रंगवू दे, का थांबवायचं, मला कळत नाही. मायझीला मात्र सांगू नका. आणि पुन्हा कधी तुमच्याकडे बघून तिनं तसं तोंड उघडलं तर भूक लागली का म्हणून विचारू नका. थांबा. काय म्हणते ते म्हणू द्या.

एक राहिलं. इथल्या सगळ्या खिडक्या बारा महिने उघड्या असतात. माझीही. शनिवारी मी पडले होते आणि लांबून आवाज आला. आधी वाटलं, मेंढरू. मग पुन्हा आला, आणि मग येतच राहिला.

मी ओ दिली, वन्सं. तिनं हाक मारली तितक्या वेळा दिली. चिर्स्टी बाहेर होती, नर्स चादरी घडी करत पाठमोरी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, इतकी माझी ओ लहान निघाली. पण दिली.

तुमची,
नेटा